खाटेवरून खुर्चीत



अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की प्रश्न पडतो, यांना खुर्चीत बसवायचं कसं? बसवायला तर हवंच. बसल्यावर श्वास मोकळा होतो, घास गिळायला सोपं जातं, पाठीला आराम मिळतो. पण एक फिजिओथेरपिस्ट म्हणून मी घरोघरी पाहते ते असं: एकजण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि माणूस गोणीसारखा उचलला जातो.

लुळ्या बाजूचा खांदा मुख्यतः स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. ते सैल पडलेले असताना काखेतून ओढलं, तर सांधा सरकतो आणि खांदा कित्येक महिने ठणकत राहतो. उचलणाऱ्याची कंबर धरते ती वेगळीच, आणि पुष्कळ घरांत ती कंबर साठी ओलांडलेल्या पत्नीची असते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, रुग्णाला उचलू नका. त्याच्या अंगात जे बळ उरलंय, त्यावर त्याला उठू द्या. तुम्ही तोल सांभाळा.

समजा, उजवी बाजू लुळी आहे. मग खाटेची डावी कड मोकळी हवी; ती भिंतीला टेकलेली असेल, तर खाट फिरवून घ्या. खुर्ची त्याच कडेला, उशाकडे, खाटेशी जरा तिरपी लावा. म्हणजे रुग्ण कडेवर बसला की खुर्ची त्याच्या चांगल्या हाताला येते. खुर्ची हातांची आणि जड असावी; प्लॅस्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते. चाकाची खुर्ची असेल, तर दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. पायपुसणं उचला, लघवीची पिशवी आधी खुर्चीकडे घ्या. लुंगी पायात येते, त्यापेक्षा पायजमा बरा.

आता रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा. पाय खाटेखाली सोडा आणि डाव्या कोपरावर जोर देऊन त्याला उठून बसू द्या. इथे थांबा. घाई होते ती नेमकी इथेच. आडवा माणूस उभा राहिला, की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी शरीर ते लगेच सावरून घेतं. बरेच दिवस पडून असलेल्याला ते जमत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन-तीन मिनिटं बसू द्या, बोलतं ठेवा. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तर पुन्हा निजवा. आजचा बेत उद्यावर गेला तरी चालेल. आणि आधार देऊनही त्याला कडेवर बसवत नसेल, किंवा चांगला पाय भार घेत नसेल, तर उभं करूच नका. आधी तुमच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सगळं ठीक असेल, तर त्याचे तळवे जमिनीवर टेकवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. कमरेला रुंद, मजबूत पट्टा बांधा. तुमची पकड त्या पट्ट्यावर. त्याला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका, मानेला हिसका बसतो. समोर उभं राहून पाय फाकवा, गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा आणि आपला गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्याला समोरून टेकवा. उजवी बाजू गेलेल्यांपैकी पुष्कळांना शब्द कळायला जड जातं, म्हणून सांगण्याबरोबर हाताने खूण करा. तो पुढे वाकेल, नाक पायाच्या बोटांवर येईल, तेव्हाच बैठक उचलली जाईल. उभा राहिल्यावर छोटी पावलं टाकत दोघांनी मिळून वळा. कंबर पिळू नका. पोटऱ्यांना खुर्ची लागली, की त्याला डाव्या हाताने खुर्चीचा हात धरू द्या आणि सावकाश बसवा.

मध्येच पाय लटपटले, तर उभं धरून ठेवायची धडपड नको. खाट किंवा खुर्ची मागे असेल, तर तिथेच बसवा. नसेल, तर त्याला आपल्या अंगाशी धरून, गुडघे वाकवत जमिनीवर उतरवा आणि डोकं सांभाळा. मग माणसं बोलवा.

पहिल्या दिवशी अर्धा तास बसणं पुरे. परतताना मात्र खुर्चीची जागा बदलावी लागते, कारण आता खाट त्याच्या लुळ्या बाजूला आलेली असते. चाकाची खुर्ची फिरवून पायथ्याकडे न्या, तोंड उशाकडे करा, ब्रेक पुन्हा लावा. साधी खुर्ची असेल, तर त्या वेळी शेजारच्या कुणाला तरी मदतीला घ्या.