हडळ, जखीण आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या मंगल प्रसंगी भुतांवर बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आले असेल. परंतु नळगंगेकाठच्या आपल्या मलकापुरात काय किंवा कोणत्याही खेड्यात काय, ही मंडळी आपणांस लहानपणीच भेटलेली असतात. पिंपळावरचा मुंजा, वाट चुकविणारा चकवा, विहिरीवरच्या साती आसरा आणि हडळ!

या यादीकडे जरा निरखून पाहा. मुंजा म्हणजे मुंज झाली, पण सोडमुंज होण्याआधीच गेलेला मुलगा. समंध म्हणजे वासना अपुरी ठेवून गेलेला पुरुष. आणि हडळ, अळवंत म्हणजे बहुधा बाळंतपणात दगावलेली बाई. ज्याचे काही राहून गेले, त्याचे भूत झाले. अशी बाळंतीण परत येऊ नये म्हणून तिच्या वाटेवर मोहऱ्या टाकण्याची चालही होती. जिवंतपणी तिच्या वेदनेकडे पाहावयास सवड नव्हती; मेल्यावर मात्र साऱ्या गावाने तिची धास्ती घेतली!

बौद्ध कथांत हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने येते. ‘पेतवत्थु’ या पाली ग्रंथात 51 प्रेतकथा आहेत. त्यांतील भुकेली प्रेते कोणाला झोडपून काढली जात नाहीत. जिवंत आप्तांनी त्यांच्या नावे दान केले की ती तृप्त होतात. आपला पितृपक्ष याहून फार दूर नाही. आपली जखीण म्हणजे मूळची यक्षिणी. अशीच एक यक्षिणी हारीती, राजगृहातील मुले पळवून खाई. बुद्धाने तिच्या पाचशे मुलांतील धाकटे लपविले. ती आक्रोश करू लागली, तेव्हा त्याने विचारले, पाचशेंतले एक गेले तर तुझी ही दशा, मग ज्यांची एक-दोनच त्या आयांचे काय? हारीती बदलली, लेकरांची रक्षणकर्ती झाली. शेजारच्या अजिंठ्यास दुसऱ्या लेण्यात ती पांचिकासह बसलेली आहे. मुलांची सहल नेलीत तर तिला अवश्य दाखवा.

आता सिनेमा. ‘झपाटलेला’ (1993) आणि ‘पछाडलेला’ (2004) पाहून आपण पोट धरधरून हसलो. परंतु ‘लपाछपी’ने (2017) हसविले नाही. उसाच्या फडातले घर, गरोदर नायिका, आणि भुतामागे दडलेले स्त्रीभ्रूणहत्येचे पाप. तेथे भुतापेक्षा जिवंत माणसांचीच भीती अधिक वाटते.

भगिनींनो, आपल्याच जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेत होळीला नारळांची होळी पेटते. बाधा सुटावी म्हणून सर्व धर्मांचे लोक दुरून येतात. त्यांच्या श्रद्धेची टवाळी करण्यासाठी मी उभी नाही. परंतु नवीन सून एकाएकी घुमू लागली, बाळंतीण रडत बसली, लेकराला जवळ घेईना, तर तिला ‘लागले आहे’ म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : तिला झोप मिळते का? तिचे कोणी ऐकते का? बाळंतपणानंतर मन आजारी पडते, आणि तो आजार औषधाने बरा होतो. सरकारी ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर फोन करून विनामूल्य सल्लाही मिळतो.

भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होतो. कोणा एकट्या बाईला डाकीण ठरवून छळणेही त्यातच येते. आपल्या गल्लीत असे होत असेल, तर एकटी बाई बोलावयास भिते. पण मंडळाच्या दहा जणी मिळून दारात उभ्या राहिल्या तर तिचा छळ थांबेल.

गोष्टी मात्र सोडू नका. नातवंडांना हडळीची गोष्ट जरूर सांगा. फक्त ती हडळ का झाली, तेही सांगा.