फोन कोणाच्या नावावर?

(बचतगटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मोहाच्या लाडवांबद्दल, मधाबद्दल सकाळपासून पुष्कळ बोलणं झालं. मी गटाच्या फोन-इंटरनेटबद्दल बोलणार आहे. हा विषय आपण नेहमी घरातल्या पुरुषांवर सोडतो, म्हणून मुद्दाम.

आमच्या ओळखीच्या एका गटानं धंद्यासाठी फोन घेतला. पैसे गटाचे, पण सिम अध्यक्षबाईंच्या नवऱ्याच्या नावावर. का, तर ‘त्यांना यातलं कळतं’. पुढे तो मिरची तोडायला तेलंगणात गेला. फोनही गेला. गिऱ्हाइकांचे फोन त्याला, ओटीपी त्याला, पैसे त्याच्या खात्यात. माणूस वाईट नव्हता. पण धंदा बायकांचा आणि किल्ली त्याच्या खिशात!

आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती, तोवर विकता येईना. २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे हक्क खरा झाला. फोनचंही तसंच आहे.

मग घ्यायचा कसा? ‘कोणती कंपनी चांगली?’ असं विचारू नका. ‘आमच्या कामाच्या जागी कोणाची रेंज येते?’ असं विचारा. वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन असलेल्या दोघी-तिघींनी सकाळी, संध्याकाळी, पावसात आणि लाईट गेल्यावर तिथून फोन लावून पाहा. कंपन्यांनी रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत, असा ‘ट्राय’चा २०२४ चा नियम आहे. तेही पाहा, पण भरवसा आपल्या कानावर ठेवा.

मागणी घेणं, फोटो पाठवणं, पैसे आले का बघणं, एवढ्याला मोबाइल पुरतो. संगणकावर रोजचं काम असेल तरच केबलच्या इंटरनेटचा विचार करा. ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेण्याची योजना, आजची भारतनेट, केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली. आपल्या पंचायतीत ती खरोखर चालू आहे का, घरापर्यंत जोडणी मिळते का, हे ग्रामसभेत उठून विचारा.

एजंट आला की चार प्रश्न विचारा. कर धरून महिन्याला किती? यंत्र आपलं की भाड्याचं? अनामत परत मिळेल का? केबल तुटली तर जोडायला कोण येणार, किती दिवसांत? उत्तरं लिहून घ्या, पावती घ्या. वाचता न येणाऱ्या बहिणीला ती मोठ्यानं वाचून दाखवा.

बिघाड झाला तर तक्रार करून तक्रार क्रमांक मागा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही सांगता येतं. तरी जमलं नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. ही सोय २०११ पासून देशभर आहे. पण ती वापरता येते ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच!

म्हणून कनेक्शन गटाच्या नावावर मिळतं का ते आधी विचारा. नाही मिळालं तर गटातल्याच बाईच्या नावावर घ्या आणि ठरावाच्या वहीत तसं लिहा. फोन कोणाकडे राहील, पदाधिकारी बदलल्यावर काय, पैसे कोणत्या खात्यात येतील, हेही लिहा.

पुढच्या बैठकीत एवढंच करा : गटाचा फोन मध्ये ठेवा आणि विचारा, हा कोणाच्या नावावर आहे?