कथासंग्रह आकाराला येताना

मराठी कथासंग्रहाची सुरुवात अनेकदा दिवाळी अंकांत होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा रुजली. अंकांत विखुरलेल्या दहा-बारा कथा जमल्या, की लेखक कात्रणांची फाइल उघडतो.

लेखनावर घर चालणारे थोडेच. म्हणून हे काम नोकरीआधीच्या पहाटेत किंवा रात्री जेवणे उरकल्यावर चालते. सलग वाचताना पुनरुक्ती उघडी पडते: दोन कथांत तीच उपमा, तिसरीतही खिडकीबाहेर पाऊसच. एखादी आवडती कथाही बाकीच्यांशी जुळत नसेल, तर वगळावी लागते.

मग क्रम लागतो. दोन दीर्घकथा सहसा लागोपाठ ठेवत नाहीत. पहिली आणि शेवटची कथा विशेष विचाराने निवडतात. संग्रहाला बहुधा एखाद्या कथेचेच नाव मिळते. शंकर पाटलांचा ‘वळीव’ हे त्याचे उदाहरण.

शेवटी येतात मुद्रिते. ऱ्हस्व-दीर्घ, अवतरणचिन्हे, बदललेली पात्रनावे तपासली जातात. पूर्वप्रसिद्धीची नोंद आणि अर्पणपत्रिका लिहून झाली, की संग्रह छपाईला जातो.