बाप्तिस्म्याची वही आणि वडिलोपार्जित जमीन
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



या मंगलप्रसंगी आम्ही प्रभुमंदिराच्या इमारतीचा इतिहास सांगावा, अशी चालकमंडळींची इच्छा होती. तो या पुस्तिकेत अन्यत्र आलाच आहे. आम्ही आज कचेरीतील लोखंडी कपाटात असलेल्या एका वहीविषयी चार शब्द बोलणार आहोत.

गतवर्षी परदेशी नोकरीस असलेल्या आपल्या एका तरुणाचे पत्र आले. आजोबांची उदगीर तालुक्यात थोडी जमीन होती, इतकेच तो लहानपणापासून ऐकत आला होता. गाव ठाऊक नाही, सर्व्हे नंबर ठाऊक नाही, वडील निवर्तलेले. "फादर, निदान आमचे गाव कोणते एवढे तरी वहीत पाहाल काय?" असे त्याने लिहिले. आम्ही वही उघडली. आजोबा सापडले, परंतु ख्रिस्ती नावाने; आणि त्या नावाचा मनुष्य सातबाऱ्यावर कोठेच नाही. असणार तरी कसा? देवाच्या घरी सखारामाचा स्तेफन झाला, तरी तलाठ्याच्या दप्तरी तो सखारामच राहतो. सुदैवाने त्या काळच्या फादरांनी समासात बारीक अक्षराने जुने नाव, बापाचे नाव व गाव लिहून ठेविले होते. त्या एका ओळीने दोन नावांचा मनुष्य एक झाला.

तेथून पुढची वाटही सरळ नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. जुने कागद उर्दूत आणि मोडीत. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, गेले, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात आले. नांदेडकरांनीही हसू नये. आपला किनवट तालुका १९५६ पूर्वी आदिलाबादेत होता. तेव्हा पणजोबांचे शेत जागचे हलले नसले, तरी त्याचा जिल्हा हलला, हे ध्यानी धरून शोध करावा. प्रथम आजचा सातबारा, त्यावरील फेरफाराचा क्रमांक धरून मागे मागे जावे, १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक पाहावे, मग सेतवार. इनामाचा तुकडा असेल, तर १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याखालील कागद निराळे पाहावे लागतात.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. आयर्लंड हे कॅथलिकांचे जुने राष्ट्र. तेथील लक्षावधी लोक अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात गेले. १९२२ च्या जूनमध्ये यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पाने राख झाली. तरी आज त्यांची पतवंडे पूर्वजांचे शेत शोधून काढतात. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेली जमिनीच्या मूल्यांकनाची यादी त्यांना उपयोगी पडते. तीत जमीनदाराचे आणि कसणाऱ्याचे अशी दोन्ही नावे आहेत. पुढच्या वह्यांत कसणारा बदलला की रंगीत शाईने जुने नाव खोडून नवे लिहीत. आपला फेरफार तो हाच. आणि दुसरा आधार बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्यांचा. त्या राजधानीत नव्हत्या, गावोगावच्या प्रभुमंदिरांत होत्या, म्हणून वाचल्या. २०१५ मध्ये तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे सर्वांस पाहावयास खुली केली.

अशा नोंदी ठेवण्याची आज्ञा त्रेंतच्या परिषदेने १५६३ मध्ये केली, तेव्हा शेतीवाडी तिच्या मनात नव्हती. वहीतील उताऱ्याने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. कोण कोणाचे अपत्य, एवढेच तो सांगतो. परंतु वारसनोंदीत प्रश्न पुष्कळदा एवढाच असतो.

आता आमच्या पदरचा दोष सांगतो. तरुणपणी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, आम्हीही या वह्या लिहिल्या. आम्हांस समासात लिहिणे गबाळेपणाचे वाटे. ख्रिस्ती नाव सुवाच्य अक्षरात लिहिले. जुने नाव व गाव गाळले. त्यांपैकी एका घरातील बाई दोन वर्षांमागे आमच्याकडे आल्या. आमचे अक्षर त्यांना दाखविताना आम्हांस वर पाहवेना. त्यांचे काम अद्याप अडलेले आहे.

त्या बाई म्हणजे त्या घरची मुलगी. भावांनी त्यांचे नाव लावलेच नव्हते. आपणांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेस तिसरा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा समान. वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावे, असा जमीन महसूल कायदा आहे. आपल्याकडे तीन पिढ्या कळवीत नाहीत. मुलगा परदेशचा नागरिक झाला असला तरी वारसाहक्काने त्यास शेतजमीन मिळू शकते. ती विकत मात्र घेता येत नाही.

येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर वृद्ध मंडळींनी कचेरीत थांबावे. आपले, आईबापांचे व आजोबांचे गावचे नाव आणि गाव सांगावे. आम्ही स्वतः एका जोडवहीत लिहून घेऊ आणि मूळ नोंदीचा क्रमांक शेजारी घालू. पेटीत जुने कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून टाकू नयेत, घेऊन यावे. मोडी जाणणारे एक गुरुजी यावयाचे आहेत. उर्दूसाठी आमचा शोध चालू आहे. चष्मे विसरू नयेत.