बाळाचे पांघरूण व घरातील शाल
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दोन सुया व लोकरीचा गुंडा हा काय सभेपुढे मांडण्याचा विषय, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु जे वस्त्र अर्भकाच्या अंगास रात्रंदिवस लागते, त्याविषयी घडीभर बोलणे अप्रस्तुत होणार नाही, अशी आमची समजूत आहे.

1954 साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे कारखाने वाढत वाढत भोसरीवरून चाकणपर्यंत पोहोचले आणि नोकरीनिमित्त गावोगावची कुटुंबे येथे स्थायिक झाली. गावी आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे होई. ते रोज धुतले जाई व रोज वापरले जाई. आता आजी गावी आणि नातवंड येथे, अशी स्थिती पुष्कळ घरी आहे. आजी मायेने लोकरीचे पांघरूण विणून बारशाला आणते. पण ‘मळेल’ या भीतीने ते कपाटात जाते आणि बाळ त्याच्याविनाच मोठे होते. विणणाराच्या श्रमाचा हा मान नव्हे. वस्त्राचा मान ते वापरण्यात आहे.

म्हणून विणतानाच धुण्याचा विचार करावा. अस्सल लोकर उबदार खरी. परंतु गरम पाण्यात चोळल्यास ती आटून घट्ट होते. कृत्रिम लोकर धुण्यास सोपी, पण विस्तवाजवळ वितळते. शेकशेगडीपासून ती दूरच ठेवावी. आपल्याकडील उन्हाळ्यास सुती धागा उत्तम. वडीलधाऱ्यांच्या रोजच्या शालीसही हाच विचार लागू आहे.

शिक्षकाच्या सवयीने थोडे गणितही सांगतो. आधी लहानसा नमुना विणावा. त्यात 10 सें. मी. रुंदीत 18 टाके बसले, तर 75 सें. मी. रुंद पांघरुणास 135 टाके घालावे लागतील. दोन्ही बाजूंनी सुलट टाकेच विणले, म्हणजे काठ गुंडाळत नाहीत. जाळीदार नक्षी शालीस शोभते. बाळाच्या पांघरुणात मात्र वीण दाट हवी, कारण मोठ्या छिद्रांत व सुट्या धाग्यांत इवलीशी बोटे अडकतात. धाग्याची टोके विणीत नीट दडवावीत. आणखी एक गोष्ट मातांनी अवश्य ध्यानात ठेवावी. वर्षाच्या आतील मूल झोपले असता त्याच्याजवळ सैल पांघरूण ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते तोंडावर आल्यास श्वास कोंडण्याचे भय असते. मांडीवर घेताना, बाहेर नेताना, मूल जागे व आपल्या दृष्टीसमोर असताना त्याचा उपयोग करावा.

लोकरीस कसर लागते. ती धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावी. वीण उसवल्यास त्याच दिवशी सांधावी. सांधलेल्या शालीत कमीपणा नाही. ती घराच्या उपयोगी पडली, याची ती साक्षच होय.

शेवटी एक विनंती. महिन्यातून एक दुपार मंडळाच्या जागेत ज्येष्ठ भगिनींनी बसावे आणि मुलींबरोबर मुलग्यांनाही सुया हाती द्याव्यात. कारखान्यात यंत्रे चालविणाऱ्या हातांना ही कला जड जाणार नाही. पुस्तक वाचून टाका कळतो; पण तो हाताला वळतो, तो शेजारी कोणी बसून दाखविल्यानेच. तशा शेजारी बसणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया आज आपल्यात आहेत. त्या आहेत तोवर शिकून घ्यावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.