मनाचे दुखणे आणि शिवारातली माणसे



विदर्भातील कापूस पिकवणारा शेतकरी मनाच्या दुखण्याला क्वचितच नाव देतो. झोप लागत नाही, डोके जड होते, एवढेच सांगून तो टॉनिक मागतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी गावातच विचारपूस व समुपदेशन केले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याने कुणाचे कर्ज फिटले नाही, हेही सांगितले पाहिजे.

कोनशिला बसवावी अशी वास्तू या कामातून उभी राहत नाही. तरीही आपल्या देणगीतून आम्हांस नव्या यंत्राआधी समुपदेशकाचे वेतन आणि प्रवासखर्च हवा आहे. कीटकनाशकाचा डबा कुलपात ठेवा, एवढे सांगण्यासाठीही कुणाला तरी त्या उंबऱ्यापर्यंत जावे लागते.