यंत्राच्या हाताला झालेली वेदना



मेंदू आणि यंत्र हा विषय एका युनियनवाल्याच्या तोंडून ऐकावयास आपण जमलात, हे आमचे भाग्यच. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. परंतु तुटलेले हात पुष्कळ पाहिले आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रेसखाली गेलेल्या बोटांचे दावे लढविताना एक कोष्टक आम्हांला पाठ झाले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने ठरविले की, अंगठा गेला तर कमाईची ताकद शेकडा ३० गेली. चार बोटे गेली तर ५०, सबंध पंजा गेला तर ६०. स्पर्शाला त्यात रकानाच नव्हता.

हा स्पर्श परत मिळविण्याच्या मागे लागलेले डॉ. नितीश ठाकोर हे खाडीपलीकडच्या पवईच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी. १९७४ मध्ये तेथून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, १९८१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉक्टर झाले आणि पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक.

हात तुटला तरी मेंदूचे हुकूम थांबत नाहीत. ते ज्ञानतंतूंतून उरलेल्या स्नायूंपर्यंत येतात, आणि कातडीवर विजेची बारीक थरथर उठते. तिच्यावर कृत्रिम हाताची मोटार चालविता येते. २०१६ साली तर, ठाकोर ज्यात होते त्या संघाने, मिरगीच्या उपचारासाठी मेंदूवर बसविलेल्या १२८ विद्युत्-टोकांवरून एका रुग्णाकडून यंत्राचे एकेक बोट हलवून घेतले.

पण हुकूम गेला, खबर परत कशी यावी? २०१८ मध्ये ठाकोरांच्या प्रयोगशाळेत ल्यूक ऑसबॉर्न आणि सहकाऱ्यांनी यंत्राच्या बोटांवर कापड व रबर यांची कातडी चढविली. बोटाला वस्तू लागली की थोट्या हातातील ज्ञानतंतूंना विजेचा हलका चिमटा बसे. हात गमावलेल्या माणसाला गेलेल्या बोटांतच कळू लागले, वस्तू गोल की टोकदार. टोकदार असली तर वेदनाही झाली, आणि यंत्राने ती वस्तू आपोआप सोडून दिली! वेदना कशाला हवी, असे कोणी विचारील. प्रेसवरचा माणूस विचारणार नाही.

आमच्या एका सहकाऱ्याला पट्ट्याने उघडझाप होणारा हात मिळाला. तो त्याने खुंटीला टांगला आहे. लग्नकार्याला तेवढा घालतो. कारण पेला किती घट्ट धरला, हे त्याला डोळ्यांनी पाहावे लागते. हात देताना “तुम्ही काम काय करता?” एवढेही त्याला कोणी विचारले नव्हते. ठाकोरांचा हात तुर्भ्यात कधी पोहोचेल तो पोहोचो; यंदाच्या मागणीपत्रात आम्ही तूर्त एकच ओळ घातली आहे : कृत्रिम हात निवडताना कामगार स्वतः हजर असावा.